केकवरचं नाव आणि अकाउंटवरचं नाव : डिस्लेक्सिया असलेल्यांनी ऑनलाइन बोलायला सुरुवात कशी करावी

चार वर्षांपूर्वी एका मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा केक केला होता. दीड किलो, बटरस्कॉच, कडेला गुलाबी फुलं आणि मधोमध नाव : पर्णिका. मी लिहिलं प्रणिका. पाठवायच्या आधी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट फिरवून वाचलं, तिन्ही वेळा मला ‘पर्णिका’च दिसलं. रात्री साडेनऊला केकचा फोटो एका सोसायटीच्या ग्रुपवर पडला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग आणि एक प्रश्न : ‘बेकरीवाल्या मॅडम कितवी पास?’

मॅडम बी.कॉम. आहेत. मॅडमना डिस्लेक्सियाही आहे. पण हे सांगायला माझ्याकडे जागाच नव्हती. बेकरीच्या पानावर नुसते केकचे फोटो आणि भाव. मग मी स्वतःच्या नावाचं वेगळं अकाउंट काढलं. तेव्हापासून आमच्यासारखीच बरीच मुलं-मुली, कधी त्यांच्या आया, ‘आम्ही कसं सुरू करू’ म्हणून विचारतात. प्रत्येकाला तेच तेच व्हॉइस नोटमध्ये सांगून घसा बसला, म्हणून हे एकदाच. हे बोलून लिहिलंय आणि माझ्या मावसभावाने तपासलंय. तरी काही राहिलं असेल तर असू दे.

आधी एक खुलासा, नाहीतर नेटवर शोधताना गोंधळ होतो. आपल्याकडे ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हटलं की डिस्लेक्सिया (वाचन), डिसग्राफिया (लेखन), डिसकॅल्क्युलिया (आकडे) हे डोळ्यांसमोर येतं. कागदोपत्री ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’. ब्रिटनमध्ये मात्र त्याच शब्दाचा अर्थ बौद्धिक अक्षमता असा आहे, आणि डिस्लेक्सियाला तिथे बहुतेक वेळा ‘लर्निंग डिफिकल्टी’ म्हणतात. त्यामुळे तिकडचा एखादा छान व्हिडिओ बघून ‘हे माझ्याबद्दल नाहीच’ असं वाटलं, तर तुमचं बरोबर आहे. हा लेख डिस्लेक्सिया आणि त्याच्या भावंडांबद्दल आहे.

पायरी १ : कशातून बोलणार ते आधी ठरवा

अकाउंट काढायच्या आधी आठवडाभर स्वतःकडे बघा. मित्राला काही सांगायचं असतं तेव्हा तुमचा हात कुठे जातो? माइकवर, कॅमेऱ्यावर, की टाइप करायला? जिथे जातो तेच तुमचं माध्यम. माझी सुरुवात नेमकी उलटी झाली. ‘व्यक्त व्हायचं म्हणजे लिहायचं’ हे शाळेने डोक्यात घातलेलं, म्हणून मी लांबलचक पोस्टी लिहायला बसायचे. एका परिच्छेदाला दीड तास लागायचा आणि दुसऱ्या दिवशी डोकं जड. शेवटी एकदा कंटाळून क्रीम फेटता फेटता फोन डब्याला टेकवून बोलले. चार मिनिटांत काम झालं.

बोलता येत असेल तर बोला, चित्र काढता येत असेल तर चित्र टाका आणि खाली एकच ओळ लिहा. लिहायला आवडत असेल, आणि डिस्लेक्सिया असूनही अनेकांना खूप आवडतं, तर जरूर लिहा.

पायरी २ : नाव, आणि नावाखालची ओळ

१८९६ सालच्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा हुशार, खेळात कुणापेक्षा कमी नाही, पण वाचता येत नाही. त्याला त्यांनी ‘जन्मजात शब्दांधत्व’ म्हटलं. डिस्लेक्सियाच्या इतिहासात हा लेख पहिल्या काही नोंदींमध्ये धरतात. त्यातलं एक वाक्य मी विसरू शकत नाही. पर्सीने स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल केली, ‘पर्सी’चं ‘प्रेसी’ झालं, आणि एकाहून जास्त वेळा दाखवून दिल्यावरच त्याच्या लक्षात आलं. सव्वाशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडमधला मुलगा, आणि त्याचाही र तिथेच घसरला जिथे माझा घसरला.

म्हणून अकाउंटचं नाव ठेवताना पहिला नियम : तुम्हाला न बघता, घाईत, झोपेत टाइप करता येईल असं नाव घ्या. छोटं, जोडाक्षर नसलेलं. मध्ये टिंबं, खाली रेघ, शेवटी जन्मसाल असली भानगड नको. ते तुम्हालाच आठवणार नाही आणि जन्मसाल जगजाहीर होईल ते वेगळंच.

आता खालची ओळ, म्हणजे बायो. इथे सगळे अडतात. डिस्लेक्सियाबद्दल सांगायचं की नाही?

मी आठ महिने सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, “धाकटीचं बघायचं चाललंय, स्थळं आजकाल नाव टाकून सगळं शोधतात. तिचं जमू दे, मग लिही काय लिहायचंय ते.” मला राग आला, पण मी थांबले. आज मागे वळून बघताना चूक केली असं वाटत नाही. घरात एकाने सांगितलं की ते सगळ्यांबद्दल सांगितल्यासारखं होतं, निदान आपल्याकडच्या लग्नाच्या बाजारात. आणि एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. पोस्ट पुसली तरी स्क्रीनशॉट कुणाच्या तरी फोनमध्ये राहतोच. नोकरीच्या शोधात असाल तर तोही विचार करा. ‘सगळ्यांनी अभिमानाने सांगा’ असं म्हणणारे बहुतेक जण आधीच स्थिरस्थावर झालेले असतात.

मधला रस्ता आहे. आधी बंद अकाउंट काढा, ओळखीची वीस-पंचवीस माणसं घ्या, त्यांच्यात सांगून बघा. कसं वाटतं ते कळेल.

सांगायचं ठरलं तर शब्द कुठला? माझ्यापुरती मी अशी निवड केली :

‘डिस्लेक्सिक’ किंवा ‘मला डिस्लेक्सिया आहे’ : दोन्ही चालतं. काहींना पहिलं जवळचं वाटतं, काहींना दुसरं.

‘अध्ययन अक्षम’ : सर्टिफिकेटवर ठीक. बायोत लिहिलं तर तलाठ्याने दाखला दिल्यासारखं वाटतं.

‘दिव्यांग’ : २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या एकवीस प्रकारांमध्ये आपला प्रकारही आहे. हक्क मागताना हा शब्द कामाचा, तिथे जरूर वापरा.

‘स्लो लर्नर’ : ही वेगळी गोष्ट आहे. नातेवाईक प्रेमाने म्हणतात, पण ती डिस्लेक्सियाची व्याख्या नव्हे.

‘डिस्लेक्सियाग्रस्त’ : हा वर्तमानपत्रांचा लाडका. ‘ग्रस्त’ म्हटलं की मला पूरग्रस्त, भूकंपग्रस्त आठवतात आणि आता कुणीतरी धान्याची पाकिटं घेऊन येईल असं वाटतं.

तुमची निवड वेगळी असेल. फक्त ती तुम्ही केलेली असू द्या, काकांनी नव्हे. माझी सध्याची ओळ अशी आहे : ‘केक करते. डिस्लेक्सिया आहे. नाव चुकलं तर सांगा, क्रीम पुसता येतं.’ आधी काम आणि मग डिस्लेक्सिया, हा क्रम मी मुद्दाम ठेवलाय.

आणि हो, सर्टिफिकेटचा किंवा यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) फोटो टाकू नका. कुणी कितीही ‘पुरावा दाखव’ म्हणून डिवचलं तरी. त्यावर तुमचा नंबर असतो, जन्मतारीख असते.

पायरी ३ : फोनला कामाला लावा

अँड्रॉइड फोन असेल तर जीबोर्ड कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा. कीबोर्डवर माइकचं चिन्ह दिसेल. ते दाबा आणि बोला. वेलांटी पहिली की दुसरी, हा जन्मभराचा प्रश्न फोन स्वतः सोडवतो. तो नेहमी बरोबर सोडवतो असं नाही, पण माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर असतो.

पहिले दोन दिवस वैताग येईल. माझ्या ‘बटर पेपर’चं त्याने एकदा ‘बटाटे पर’ केलं. युक्त्या तीन. एका वेळी एकच वाक्य बोला. बोलायच्या आधी ते मनात पूर्ण करा. आणि पंखा बंद करा, खरंच फरक पडतो. फोनला आमची साताऱ्याकडची बोली मानवत नाही. ‘कराय लागलोय’ म्हटलं की तो हळूच ‘करायला लागलोय’ करून टाकतो. मी ते परत माझ्यासारखं करून घेते.

दुसरी सोय मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती फार थोड्यांना माहीत असते : फोनकडून वाचून घेणं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे ‘सिलेक्ट टू स्पीक’. ते सुरू करून मजकुरावर बोट ठेवलं की फोन मोठ्याने वाचतो. मराठी आवाज नसेल तर टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमधून उतरवून घ्या. डोळ्याला ‘पर्णिका’ आणि ‘प्रणिका’ सारखं दिसतं, पण कानाला नाही. ही सोय मला त्या केकच्या आधी कळली असती तर हा लेखही झाला नसता.

‘डिस्लेक्सियासाठी खास’ म्हणून जे फॉन्ट सांगितले जातात त्यांच्या मागे फार लागू नका. ते मुळात रोमन अक्षरांसाठी केलेले आहेत, आपल्या भ-म आणि घ-धचं दुखणं त्यांना ठाऊक नाही. अक्षर मोठं करा, ओळींमध्ये जागा वाढवा, पांढऱ्या ऐवजी फिकट पिवळसर पार्श्वभूमी ठेवून बघा. त्याने आराम पडला तर उत्तम.

पायरी ४ : पहिली पोस्ट, आणि मदत कुठे थांबते

रविवारी दुपारी माझ्याकडे शेजारचा एक मुलगा येतो, अकरावीतला. पहिली पोस्ट त्याने फोनवर बोलून तयार केली :

‘मला वाचताना अक्षरं दमवतात. क्रिकेटची कॉमेंट्री दमवत नाही. मी एक ओव्हर बोलून दाखवतो ऐका.’

खाली त्याचा आवाज, सहा चेंडू, शेवटच्या चेंडूवर रनआउट. अंगावर काटा आला. घरी जाऊन त्याने आईला दाखवलं. आई शिक्षिका. दुसऱ्या दिवशी अकाउंटवर हे दिसलं :

‘अध्ययन अक्षमतेवर मात करून यशाची शिखरे पादाक्रांत करण्याचा माझा अल्पसा प्रयत्न. आपले आशीर्वाद असावेत.’

खाली दोनशे लाइक, निम्मे आईच्या सहकाऱ्यांचे. मुलगा गप्प. मी विचारलं तर म्हणाला, “ताई, पादाक्रांत म्हणजे काय?”

आईचा हेतू वाईट नव्हता. मुलाला कुणी हसू नये एवढंच तिला हवं होतं. पण मदत करणाऱ्याने काय करायचं आणि काय नाही, हे आधी बोलून ठेवावं लागतं. माझा आणि मावसभावाचा करार असा आहे : वेलांट्या, उकार, स्वल्पविराम त्याचे. शब्द माझे. वाक्य कळत नसेल तर त्याने विचारायचं ‘म्हणजे काय?’, मी तोंडी सांगायचं, आणि सांगताना जे शब्द आले तेच तिथे घालायचे. त्याने स्वतःचं वाक्य सुचवायचं नाही. एकदा त्याने ‘कणिक’ पुसून ‘पीठ’ केलं होतं, त्यावरून आमचं दोन दिवस वाजलं होतं. कणिक मळलेली असते!

एआयची साधनं वापरत असाल तर त्यांच्याशीही हाच करार करा. ‘फक्त शुद्धलेखन तपास, शब्द बदलू नकोस’ असं स्पष्ट सांगा आणि नंतर फोनकडून वाचून घ्या. न सांगता दिलं तर तेही पादाक्रांतच करतात.

म्हणून पहिली पोस्ट तीन वाक्यांची ठेवा. बोला, फोनकडून ऐका, एका माणसाला ऐकवा, टाका. आणि टाकल्यावर तासभर फोन बाजूला ठेवा.

(त्या मुलाने नंतर आईचं वाक्य काढून आपलं परत घातलं. लाइक चाळीसवर आले. पण पुढच्या रविवारी दुसऱ्या ओव्हरची मागणी करणाऱ्या सात कमेंट होत्या.)

पायरी ५ : शुद्धलेखनवाले

येणार. नक्की येणार. ‘आधी मराठी नीट शिका.’ ‘हीच का मराठीची अवस्था?’ यातले बरेच जण भाषेवर प्रेम करणारे असतात, हे मला मान्य आहे. शाळेत निदान नियम होता. १९९६मध्ये महाराष्ट्र सरकारने देशात पहिल्यांदा अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत अधिकृत सवलती दिल्या. मला दहावीला जादा वेळ मिळाला, शुद्धलेखनाचे गुण कापले गेले नाहीत. कमेंटमध्ये बसलेल्या परीक्षकांपर्यंत तो शासन निर्णय पोचलेला नाही.

त्यांच्याशी वाद घालायचाच असेल तर एक माहिती हाताशी ठेवा. आज आपण जे शुद्ध म्हणतो ते मराठी साहित्य महामंडळाच्या अठरा नियमांनुसार. त्यातले चौदा १९६२चे आणि चार १९७२चे. त्याआधी न उच्चारले जाणारे कितीतरी अनुस्वार लिहावे लागत. म्हणजे आजचं शुद्ध आजोबांच्या मास्तरांनी लाल शाईने गोल केलं असतं. पण खरं सांगू? वाद घालू नका. मी दोनदा घातला, दोन्ही वेळा केक करपले.

त्याऐवजी एवढं करा. स्वतःची एक कमेंट वर पिन करून ठेवा : ‘मला डिस्लेक्सिया आहे, अर्थ कळला नसेल तर विचारा.’ अर्ध्याहून जास्त लोक तिथेच थांबतात, काही तर माफी मागतात. इन्स्टाग्रामवर ‘हिडन वर्ड्स’मध्ये तुम्हाला नको असलेले शब्द भरून ठेवता येतात. माझ्या यादीत ‘ढ’, ‘कितवी पास’ आणि ‘मंद’ हे तीन आहेत. एखादा माणूस सारखा मागे लागला तर ‘रिस्ट्रिक्ट’ करा. त्याला कळत नाही आणि त्याची कमेंट इतरांना दिसत नाही.

टोमणा वेगळा आणि चारचौघांत अपमान करायच्या हेतूने केलेली शिवीगाळ किंवा धमकी वेगळी. अशा वागण्याला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९२मध्ये सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. तिथवर गेलंच तर उत्तर देण्याआधी तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, आणि तक्रार करायला एकटे जाऊ नका. लेखी तक्रार आपल्याला लिहायची असते, हे विसरू नका.

पायरी ६ : पासवर्ड कुणाकडे

अठरा पूर्ण झाली असतील तर तुमच्याकडे. वाद संपला.

अठराच्या आत असाल तर आई-बाबांशी बोलून अकाउंट काढा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांसाठी पालकांची संमती धरलेली आहे. त्याच कायद्यात, ज्या दिव्यांग व्यक्तीला कायदेशीर पालक नेमलेला आहे तिच्यासाठी त्या पालकाची संमती, असंही आहे. हे वाचून काही घरांत ‘बघ, तुला दिव्यांग सर्टिफिकेट आहे, म्हणजे आम्हीच बघणार’ असा सोयीचा अर्थ निघतो. तसं नाही. नुसत्या डिस्लेक्सियामुळे सज्ञान माणसाला कुणी पालक नेमत नाही.

आता आपली खरी पंचाईत. पासवर्ड आठवतो पण टाइप करताना अक्षरं उलटतात, तीनदा चुकलं की अकाउंट कुलूपबंद. म्हणून बोटाचा ठसा लावा, पासवर्ड फोनलाच साठवू द्या, आणि ओटीपी स्वतः वाचून टाइप करण्याऐवजी कीबोर्डवर वर येतो तिथून दाबा. माझे ६ आणि ९ अजूनही जागा बदलतात.

फसवणुकीबद्दल एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून सांगते. ‘स्पेलिंग नीट बघा, खोट्या लिंकमध्ये एक अक्षर वेगळं असतं’ असा सल्ला सगळे देतात. हा सल्ला आपल्या काहीच कामाचा नाही. ते एक अक्षर दिसत असतं तर काय हवं होतं! आपला नियम वेगळा : मेसेजमध्ये आलेली लिंक कधीच दाबायची नाही, खरी असली तरीही. बँकेचं काम बँकेच्या ॲपमध्ये जाऊन, इन्स्टाग्रामचं इन्स्टाग्रामच्या ॲपमध्ये. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० लावा. हेल्पलाइन आहे, फॉर्म वाचत बसण्याआधी तिथे बोलता येतं.

पायरी ७ : आपल्यासारख्यांना वाचता यावं

थोडक्यात. ओळी लहान ठेवा, दोन-तीन ओळींनंतर जागा सोडा, मजकूर डावीकडून सुरू करा, मधोमध रचू नका. नक्षीदार अक्षरं टाळा. फोटोवर मजकूर लिहिला असेल तर तोच खाली साधा टाइप करा, म्हणजे दुसऱ्याचा फोन तो वाचून दाखवू शकेल. व्हिडिओला आपोआप येणारी कॅप्शन एकदा तपासा. बटाटे तिथेही येतात.

पायरी ८ : थांबायचं असेल तेव्हा

काही जणांना दोन महिन्यांत कळतं की हे आपलं काम नाही. अकाउंट पुसायची घाई करू नका, आधी तात्पुरतं बंद करा, आणि तुमचे व्हिडिओ-आवाज उतरवून घ्या. मी मागच्या पावसाळ्यात सहा आठवडे बंद ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही, फक्त पर्णिकाच्या आईचा मेसेज आला होता. मुलगी पाचची होणार, केक हवाय.

आता नावाची पद्धत अशी आहे. गिऱ्हाइकाने नाव स्वतः टाइप करून पाठवायचं. मी ते मोठं छापते, फोनकडून वाचून घेते, कागदावर बटर पेपर ठेवून क्रीमने गिरवते आणि तेवढं नाव फ्रीजमध्ये घट्ट करून केकवर उचलून ठेवते. या वेळी तिच्या आईनेच घाईघाईत ‘पर्णिक’ टाइप करून पाठवलं होतं. मी फोन करून विचारलं, काना राहिलाय का?